पुतळे, स्तंभ आणि चौक : स्मारकांच्या राजकारणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात पुतळा बसला, पडला, हलवला किंवा नुसता जाहीर झाला, तरी त्यावर महिनोन्‌महिने बोललं जातं. व्याख्यानांनंतर, शिबिरांत, गावातल्या पारावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं तटस्थ नाहीत, हे आधीच सांगते. स्मारकाचा अर्थ अनावरणाची दोरी ओढणारा ठरवू शकत नाही, वर्षानुवर्षं तिथे येणारी माणसं तो ठरवतात, असं माझं मत आहे. ते का झालं, हे उत्तरांतून कळेल.

स्मारक म्हणजे श्रद्धेची जागा. तिथे राजकारण कशाला आणता?

राजकारण तिथे पहिल्या दिवसापासून असतं. चौक सगळ्यांचा असतो आणि चौथरा एकच. त्यावर कोणाला उभं करायचं हे ठरवायला ठराव लागतो, बहुमत लागतं, पैसा लागतो.

पुण्याच्या मंडईत जाऊन बघा. १९२४ मध्ये तिथे लोकमान्य टिळकांचा पुतळा बसला, मोतीलाल नेहरूंच्या हस्ते. पुढच्याच वर्षी केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत जोतीराव फुल्यांच्या पुतळ्याचा प्रस्ताव आणला आणि शहर पेटलं. सभागृहातल्या विरोधकांनी फुल्यांवर टीका केली. त्याला उत्तर म्हणून ब्राह्मणेतर चळवळीतून टिळक-चिपळूणकरांवर घणाघात करणारी पुस्तिका निघाली. पुस्तिकेवर खटला झाला, शिक्षा झाल्या, आणि अपिलात आरोपींच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आरोपी सुटले. एका पुतळ्याच्या प्रस्तावातून हे सगळं घडलं, तेही पुतळा न बसता.

तेव्हा त्या मंडईचं नाव ‘रे मार्केट’ होतं, मुंबई प्रांताच्या गव्हर्नरावरून. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. आज टिळकांचा पुतळा आणि फुल्यांच्या नावाची मंडई एकमेकांशेजारी आहेत. भाजी घ्यायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हा शेजार कसा जुळला ते ठाऊक असतं.

सामूहिक स्मृती आणि इतिहास यांत फरक काय?

इतिहास कागदपत्रं तपासतो आणि नवा पुरावा आला की निष्कर्ष बदलतो. स्मृती समाजाला आज ज्याची गरज असते ते पुढे ठेवते, उरलेलं मागे सारते. ती जत्रेतून, पोवाड्यातून, जयंतीच्या मिरवणुकीतून, आजीच्या गोष्टीतून पुढे जाते. स्मृती म्हणजे खोटेपणा, असं मी म्हणत नाही. ज्यांच्या हातात लेखणी नव्हती त्यांच्याकडे कित्येक पिढ्या दुसरं काहीच नव्हतं. पण स्मृतीला पुरावा म्हणून कोर्टात उभं केलं किंवा इतिहासाने तिच्या भावनेची टर उडवली, की भांडण पेटतं. महाराष्ट्रातले बहुतेक स्मारकवाद याच दोन चुकांतून निघाले आहेत.

रायगडावरची समाधी फुल्यांनी शोधली की टिळकांनी?

हा प्रश्न निवडणुका जवळ आल्या की हमखास वर येतो. आधी जे पक्कं आहे ते सांगते. १८६९ मध्ये फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला आणि छापला. त्यात त्यांनी महाराजांना ‘कुळवाडीभूषण’ म्हटलं, म्हणजे शेतकऱ्यांचा राजा म्हणून पुढे आणलं. फुल्यांनी रायगडावर जाऊन समाधीची जागा मोकळी केली, ही आठवण सत्यशोधक परंपरेने जपली आहे. १८८३ मध्ये जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने समाधीच्या दुरवस्थेबद्दल लिहिलं, आणि त्यानंतर मराठी वृत्तपत्रांत हळहळ सुरू झाली. टिळकांनी १८९५ मध्ये ‘केसरी’तून निधी उभा करायला सुरुवात केली आणि १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला.

म्हणजे ‘कोणी शोधली’ या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे: महाराज कोणाचे? फुल्यांचे शिवाजी महाराज शूद्रातिशूद्रांच्या बाजूने उभे राहतात, टिळकांचे परकीय सत्तेविरुद्ध राष्ट्र जागं करतात. दोघांनीही भूतकाळ आपल्या काळातल्या कामाला लावला. १८९७ च्या जूनमध्ये पुण्याच्या शिवोत्सवात अफजलखान वधावर भाषणं झाली, ‘केसरी’त वृत्तांत आला, काही दिवसांतच चापेकरांनी पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालून त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. उत्सवाची ताकद इंग्रज सरकारने नीट ओळखली होती.

मला विचाराल तर, टिळकांचा उत्सव मोठा झाला म्हणून फुल्यांचा पोवाडा मागे पडत नाही. दोन्ही वाचावेत. एकाचं श्रेय पुसून दुसऱ्याला देणारं भाषण ऐकलं, की ते भाषण १८६९ किंवा १८९५ बद्दल नसून पुढच्या निवडणुकीबद्दल आहे, असं खुशाल समजावं.

शिवाजी महाराजांच्या पुण्यातल्या स्मारकाची कोनशिला म्हणे इंग्लंडच्या राजपुत्राने बसवली. हे खरं आहे?

खरं आहे. १९ नोव्हेंबर १९२१. प्रिन्स ऑफ वेल्स भारतात आले तेव्हा काँग्रेसने त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. त्याच दौऱ्यात कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पुढाकाराने पुण्यात राजपुत्राच्या हस्ते ही कोनशिला बसली. शाहू महाराज पुढच्याच वर्षी गेले. नानासाहेब करमरकरांनी घडवलेला भव्य अश्वारूढ पुतळा १९२८ मध्ये उभा राहिला.

आज हे वाचताना अनेकांना अवघडल्यासारखं होतं. पण शाहू महाराजांची अडचण समजून घ्या. टिळकांच्या अनुयायांच्या हातात शिवस्मृती एकवटली होती आणि ब्राह्मणेतरांना ती परत हवी होती. त्यासाठी त्यांनी उपलब्ध सत्तेचा आधार घेतला. शिवरायांचं नाव घेऊन इंग्रजांविरुद्ध लढता येत होतं आणि त्याच नावाने इंग्रजांसमोर आपल्या समाजाचा दावाही मांडता येत होता. कोनशिला कोणी बसवली, हे आज त्या पुतळ्याला वंदन करणाऱ्यांच्या मनातही नसतं.

प्रतापगडावर १९५७ मध्ये नेहरूंना विरोध का झाला? तेही शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला?

विरोध पुतळ्याला नव्हता. ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरू प्रतापगडावर अश्वारूढ पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा मुंबईसह मराठी राज्य नाकारून मराठी आणि गुजराती भाषकांचं एकच द्विभाषिक राज्य लादलं गेलं होतं. त्याच वर्षीच्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात मराठी राज्यासाठी लढणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला मोठा दणका दिला होता. द्विभाषिकाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्ली आणि मराठी जनता यांच्यातलं अंतर मिटवायचं होतं, आणि त्यासाठी प्रतापगडाइतकी मोठी जागा दुसरी नव्हती. समितीने हे ओळखलं. वाई, पसरणी घाटाच्या वाटेवर हजारो लोक काळी निशाणं घेऊन उभे राहिले. नेहरूंनी आपल्या जुन्या लिखाणात अफजलखान प्रसंगाबद्दल केलेली विधानं हीसुद्धा लोकांच्या मनात होती, जरी त्यांनी ती नंतर दुरुस्त केली होती.

एकाच दिवशी एकाच गडावर सरकारला महाराज राष्ट्रीय एकतेसाठी हवे होते आणि आंदोलकांना मराठी राज्यासाठी. अडीच वर्षांत, १ मे १९६० ला, महाराष्ट्र झाला. पुतळा आजही तिथेच आहे आणि सहलीला आलेली मुलं त्यासमोर फोटो काढतात. खाली घाटात काय झालं होतं हे सांगणारा एखादा फलक तिथे लावायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

हुतात्मा चौकात ज्यांच्या सरकारने गोळ्या घातल्या त्याच पक्षाचे मुख्यमंत्री पुढे फुलं वाहत राहिले. याला ढोंग म्हणायचं का?

मी म्हणणार नाही, पण प्रश्न रास्त आहे. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी, म्हणजे आजच्या हुतात्मा चौकात, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा गोळीबार झाले. सरकार काँग्रेसचं होतं, मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. १०६ हुतात्म्यांचा आकडा आज मराठी माणसाला तोंडपाठ आहे. त्यांच्यात गिरणी कामगार होते, विद्यार्थी होते, रस्त्यावरून जाणारेही होते.

राज्य झाल्यावर मशाल धरलेल्या कामगार-शेतकऱ्याचं शिल्प उभं राहिलं. सत्तेवर असलेला पक्ष तोच होता. एका अर्थी हा पराभवाचा कबुलीजबाब होता: तुमची मागणी बरोबर होती, हे सरकारने दगडात कोरलं. पण स्मारक झालं की राज्य त्या आठवणीचं यजमानपद घेतं. दरवर्षी १ मे रोजी मानवंदना होते, बिगुल वाजतो, मंत्री पुष्पचक्र वाहतात. गोळी कोणी झाडायला लावली हा भाग सरकारी कार्यक्रमात उच्चारला जात नाही.

दुसरी विस्मृती मला जास्त टोचते. ही चळवळ एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, अत्रे, प्रबोधनकार आणि शेतकरी कामगार पक्षाचे नेते यांनी मिळून चालवली. अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर यांच्या शाहिरीने ती वस्त्यांवस्त्यांत पोचवली. समाजवादी आणि कम्युनिस्ट तिच्या मध्यभागी होते. नंतरच्या दशकांत मराठी अस्मितेचं राजकारण दुसऱ्या पक्षांकडे गेलं आणि लाल बावट्याचा वाटा लोकांच्या आठवणीतून विरत गेला. शिल्पात मात्र कामगार आहे, शेतकरी आहे. कोणाला नाव घ्यायचं नसलं तरी तो तिथे उभा आहे.

कोरेगावचा जयस्तंभ इंग्रजांनी बांधला. मग १ जानेवारीला तिथे मानवंदना देणं म्हणजे इंग्रजांच्या विजयाचा उत्सव नाही का?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा आणि बहुतेक वेळा रागाने विचारला जाणारा प्रश्न. म्हणून जरा सविस्तर.

१ जानेवारी १८१८ ला भीमेच्या काठी कोरेगावात ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी आणि दुसऱ्या बाजीरावाचं सैन्य यांची लढाई झाली. कंपनीने मृतांच्या स्मरणार्थ स्तंभ बांधायला घेतला, त्याचा पाया १८२१ मध्ये घातला गेला. स्तंभ पेरणे गावच्या हद्दीत, नदीच्या पलीकडच्या अंगाला आहे. त्यावरचा लेख कंपनीच्या गर्वाचा आहे, पूर्वेत ब्रिटिश सैन्याने मिळवलेल्या अभिमानास्पद विजयांपैकी एक, अशा आशयाचा. पण त्याच दगडावर मृत शिपायांची नावंही आहेत. ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ती महार शिपायांची. त्यांच्याबरोबर मराठा, रजपूत, मुस्लिम शिपायांचीही नावं आहेत.

ज्या समाजाचं नाव त्या काळी कुठल्याही देवळाच्या पायरीवर कोरलं जाणं अशक्य होतं, त्या समाजातल्या २२ जणांची नावं एका दगडावर राहून गेली. कंपनीचा तो हेतू नव्हता. पण नावं राहिली.

पुढे १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी ‘लढाऊ जमातीं’चं धोरण आणून महारांची लष्करभरती बंद केली. पेन्शनवर आलेल्या जुन्या शिपायांच्या मुलांना दार लावून घेतलं. तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांच्यासारखे कार्यकर्ते या स्तंभाकडे वळले. त्यांनी तिथे सभा घेतल्या, भरती पुन्हा सुरू करा म्हणून १९१० मध्ये सरकारकडे अर्ज केला. तुमच्याच दगडावर आमच्या माणसांची नावं आहेत, मग आम्ही लढाऊ नाही हे कसं, असा तो सवाल होता. म्हणजे स्तंभ त्या वेळी इंग्रजांविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जात होता. प्रश्न विचारणाऱ्यांनी हा टप्पा जरूर लक्षात घ्यावा.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, डिसेंबरमध्ये मनुस्मृतीचं दहन झालं. त्या वर्षाच्या ओघात ही भेट ठेवून बघितली की तिचा अर्थ स्पष्ट होतो. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्या बोधचिन्हावर हा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो काढून खंजीर आला.

आज तिथे लाखो लोक येतात. त्यांतलं कोणीही कंपनीला सलाम करायला येत नाही. निळे झेंडे, समता सैनिक दलाची मानवंदना, रात्री बारापासून मेणबत्त्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाया, पाठीवर लेकरू. ते आपल्या नाकारलेल्या पूर्वजांना भेटायला येतात. कंपनी गेली, तिचं राज्य गेलं, आणि तिने स्वतःसाठी बांधलेली वास्तू तिच्या शिपायांच्या नातवंडा-पणतवंडांची झाली.

पण ‘५०० विरुद्ध २८ हजार’ हा आकडा तरी खरा आहे का?

जसा सांगितला जातो तसा नाही. कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीत सुमारे ८०० माणसं होती. पायदळ पाचशेच्या आसपास, शिवाय घोडेस्वार आणि दोन तोफांबरोबर मद्रासचे युरोपीय गोलंदाज. पायदळात महार मोठ्या संख्येने होते, पण सगळे महार नव्हते. २८ हजार हा पेशव्याच्या संपूर्ण फौजेचा अंदाज. प्रत्यक्ष गावात शिरून लढलेली त्याची माणसं, ज्यांत अरब आणि गोसावी बरेच होते, त्याहून पुष्कळ कमी होती. दिवसभर पाण्याविना झुंज झाली. मागून मोठी इंग्रज फौज येते आहे या बातमीने पेशव्याचं सैन्य रात्री निघून गेलं, आणि स्टाँटनही शिरूरकडे मागे फिरला.

हे सांगितलं की कोणाचा अपमान होतो असं मला वाटत नाही. पाण्याविना दिवसभर लढून मेलेल्या माणसांचं शौर्य आकड्यावर अवलंबून नाही. दुसऱ्या बाजूने, ‘ती नुसती दोन सैन्यांची लढाई, जातीचा काय संबंध’ म्हणणाऱ्यांनी उत्तर पेशवाईतले अस्पृश्यांवरचे निर्बंध आठवावेत. १८१८ च्या शिपायाच्या मनात काय होतं ते आपल्याला कळायला मार्ग नाही. १९२७ पासून तिथे येणाऱ्यांच्या मनात काय आहे ते मात्र त्यांनी वारंवार आणि मोठ्याने सांगितलं आहे.

२०१८ मध्ये तिथे हिंसाचार का झाला?

लढाईला दोनशे वर्षं होत होती. जवळच्या वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. त्यांच्यावर अंत्यसंस्कार कोणी केले यावरून दोन परंपरा आहेत आणि त्यांपैकी एका परंपरेनुसार ते करणारे महार समाजातले गोविंद गोपाळ यांच्या समाधीपाशी लावलेल्या फलकावरून डिसेंबर २०१७ च्या अखेरीस तणाव वाढला. १ जानेवारीला जयस्तंभाकडे येणाऱ्या लोकांवर दगडफेक झाली, गाड्या जाळल्या गेल्या, एका तरुणाचा जीव गेला. दोन दिवसांनी महाराष्ट्र बंद झाला. राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. हिंसाचाराच्या आदल्या दिवशी पुण्यात शनिवारवाड्यावर झालेल्या एल्गार परिषदेवरून वेगळा खटला उभा राहिला, त्यात देशभरातले लेखक, वकील, कार्यकर्ते वर्षानुवर्षं तुरुंगात राहिले.

कारणमीमांसा आयोगाची आणि न्यायालयाची. एवढं मात्र दिसतं की पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदलेल्या दोन आठवणींना एका फलकाच्या निमित्ताने एकमेकींसमोर उभं केलं गेलं. त्यानंतर १ जानेवारीला येणाऱ्यांची संख्या कमी झाली नाही. आता जिल्हा प्रशासन बस, पाणी, आरोग्य केंद्रं, पार्किंग अशी व्यवस्था करतं.

इंग्रजांचे पुतळे चौकांतून हटवले, ते बरोबर झालं का?

झालं ते बरंच समंजसपणे झालं. मुंबईतले राजा-राणी, गव्हर्नर फोडले न जाता बहुतांशी भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणि तिथल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात गेले. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्ये हलवला, तरी त्या परिसराला लोक काळा घोडाच म्हणत राहिले आणि २०१७ मध्ये तिथे स्वाराविना नवा घोडा बसवला गेला. गेटवेसमोर २६ जानेवारी १९६१ ला शिवाजी महाराज आले. गोव्यात अल्बुकर्कचा पुतळा जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे. त्या काळच्या सत्तेने स्वतःला कसं दाखवलं, हे तिथे जवळ जाऊन पाहता येतं. विद्रूप करण्याचा मार्ग आपल्याकडे जुना आहे, दामोदर चापेकरांनी मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं होतं. पण ते गुलामीतलं बंड होतं. स्वतःचं राज्य असताना तोच मार्ग घेण्याची गरज नाही.

मग दादोजी कोंडदेव आणि गडकरी यांचे पुतळे काढले, त्याबद्दल काय म्हणाल?

दोन्ही घटना वेगळ्या आहेत, त्या एकत्र करू नयेत. पुण्यात लाल महालातल्या शिल्पसमूहातला दादोजींचा पुतळा डिसेंबर २०१० मध्ये महापालिकेने काढला. सभागृहात ठराव झाला होता. दादोजी शिवरायांचे गुरू होते का, हा वाद इतिहासकारांत होता आणि मराठा संघटनांचा आक्षेप जुना होता. ठराव होता, तर काम दिवसाउजेडी करायला हवं होतं. मध्यरात्री पोलीस बंदोबस्तात पुतळा कापून नेला की निर्णय बरोबर असला तरी चोरीसारखा दिसतो.

राम गणेश गडकरींचा अर्धपुतळा जानेवारी २०१७ मध्ये संभाजी उद्यानातून काही तरुणांनी उखडला आणि मुठेत टाकला. त्यांच्या नाटकातलं संभाजी महाराजांचं चित्रण हे कारण. ते चित्रण मलाही पटत नाही. त्यावर लिहावं, बोलावं, हवं तर महापालिकेकडे पुतळा हलवायची मागणी करावी. नदीत फेकणं हे वादातून पळ काढणं आहे. त्यावेळी महापालिकेच्या निवडणुका तोंडावर होत्या, हेही नोंदवून ठेवते.

पुतळ्याची विटंबना झाली की माणसं जिवावर का उठतात? तो तर दगड.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली आढळली. लोक रस्त्यावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला, त्यात दहा माणसं मेली. ज्या अधिकाऱ्याने गोळीबाराचा हुकूम दिला तो बारा वर्षांनी न्यायालयात दोषी ठरला.

ज्यांच्या घरात पिढ्यांचा वारसा म्हणून दाखवायला वाडा नाही, जमीन नाही, वंशावळ नाही, त्यांच्यासाठी वस्तीच्या तोंडाशी असलेला तो पुतळा म्हणजे घराची पाटी असते. ‘आम्ही इथे आहोत’ हे तो सांगतो. विटंबना करणाऱ्याला हे नेमकं ठाऊक असतं, म्हणूनच तो पुतळा निवडतो. ‘दगडासाठी कशाला मरता’ असं विचारणाऱ्यांनी आधी ‘दगडाचा अपमान करून कोणाला काय मिळतं’ हे विचारावं.

जयंती तारखेने करायची की तिथीने?

राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही जन्मतारीख मान्य केली आहे. ती टिळकांनी १९१६ मध्ये उजेडात आणलेल्या जेधे शकावलीतल्या (जेधे घराण्याकडच्या जुन्या तारीखवार नोंदींतल्या) नोंदीवर आधारलेली. काही पक्ष आणि संघटना फाल्गुन वद्य तृतीयेलाच जयंती करतात. राज्याभिषेकाचंही तसंच, ६ जून की ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. २०२३ मध्ये साडेतीनशेव्या वर्षी रायगडावर दोन्ही दिवशी सोहळे झाले. दोन्ही बरोबर आहेत, कारण दिवस एकच आणि पंचांगं दोन. भांडण मंचावर कोण बसणार याचं आहे.

अरबी समुद्रातल्या स्मारकाचं आणि मालवणच्या पुतळ्याचं काय झालं?

समुद्रातल्या शिवस्मारकाचं आश्वासन २००४ पासून निवडणुकांत दिलं जात आहे, वेगवेगळ्या पक्षांकडून. २४ डिसेंबर २०१६ ला पंतप्रधानांच्या हस्ते जलपूजन झालं, तेव्हा मुंबई महापालिकेची निवडणूक दोन महिन्यांवर होती. खर्चाचा अंदाज साडेतीन हजार कोटींच्या वर गेला. कोळी बांधवांनी मासेमारीच्या जागेबद्दल आक्षेप घेतले, पर्यावरणाचे प्रश्न न्यायालयात गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून काम थांबलं.

मालवणात राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. पंतप्रधानांनी पालघरच्या सभेत माफी मागितली. १ सप्टेंबरला विरोधी पक्षांनी मोर्चा काढला, हुतात्मा चौक ते गेटवेच्या शिवपुतळ्यापर्यंत. विधानसभा निवडणूक तोंडावर होती. २०२५ मध्ये राम सुतार यांच्या शिल्पशाळेत घडलेला नवा, आणखी उंच पुतळा तिथे उभा राहिला.

राजकोटवरून समोर सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ मध्ये पाया घातलेला तो किल्ला अजून समुद्रात उभा आहे. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेलं. चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे महाराजांचे म्हणून लोक त्यांच्यापुढे डोकं टेकवतात. तीनशेहून जास्त वर्षं तिथे पूजा चालू आहे, कुठल्याही सरकारच्या घोषणेशिवाय. पुतळा पडल्यावर मालवणकरांना झालेलं दुःख खरं होतं, आणि ते उंचीने भरून निघणारं नव्हतं. घाईने, तारीख गाठायला काम करू नका, एवढीच त्यांची साधी मागणी होती.

एवढ्या पैशांत रुग्णालयं, शाळा बांधा की! हे म्हणणं चुकीचं आहे का?

सरकारी तिजोरीतून हजारो कोटी जाणार असतील तर प्रश्न बरोबर आहे, आणि तो सगळ्या पक्षांच्या सगळ्या पुतळ्यांना सारखा विचारावा. अडचण अशी की हा प्रश्न काही स्मारकांच्या वेळीच आठवतो. इंदू मिलच्या जागेवरच्या आंबेडकर स्मारकाची पायाभरणी ११ ऑक्टोबर २०१५ ला झाली, त्या वेळी ‘रुग्णालय बांधा’ म्हणणारे कितीतरी जण इतर वेळी गप्प होते.

लोकांनी स्वतः उभी केलेली स्मारकं बघा. दादर चौपाटीवर ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. त्यांचे पुत्र भैय्यासाहेब आंबेडकर यांच्या पुढाकाराने लोकवर्गणीतून तिथे स्तूप झाला, १९७१ मध्ये. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर जा. पुस्तकांच्या स्टॉल्सच्या रांगा लागलेल्या असतात आणि विदर्भ-मराठवाड्यातून आलेला मजूर पोटाला चिमटा काढून पुस्तकं घेऊन जातो. त्या दोन-तीन दिवसांत तिथे शाळेचंच काम होतं. गडांवरही तेच. शनिवार-रविवारी घमेली-फावडी घेऊन टाक्यांतला गाळ काढणारी, बुरुजावरचं झाड उपटणारी तरुण मंडळं आहेत. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात या श्रमदानाचा वाटा आहे असं मी मानते. तिजोरीतला पैसा आधी तिकडे जावा: किल्ल्यांची डागडुजी, मोडी कागदपत्रांचं वाचन, गावातली वाचनालयं.

सीमाभागात हा विषय इतका तीव्र का आहे?

कारण तिथे स्मारक हाच मतदानासारखा आवाज आहे. बेळगावात १७ जानेवारीला हुतात्मा दिन पाळतात, १९५६ च्या गोळीबारात गेलेल्यांसाठी, आणि १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या राज्योत्सवादिवशी, काळा दिन. डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळुरूत शिवपुतळ्याची विटंबना झाली, लगेच बेळगावात इंग्रजांविरुद्ध लढलेले कन्नड वीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची मोडतोड झाली. शिवाजी महाराज आणि रायण्णा यांच्यात कसलंही वैर नव्हतं, त्यांच्या काळात दीडशे वर्षांचं अंतर आहे. दोघांचीही विटंबना निंद्य आहे, हे मराठीतूनही ठामपणे म्हटलं पाहिजे.

आमच्या गावात पुतळा बसवायचा आहे. काय करावं लागतं?

ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा ठराव, जागेची मालकी, पोलिसांचं ना-हरकत पत्र, वाहतुकीला अडथळा होणार नाही याची खात्री, मूर्तिकाराने केलेल्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, आणि देखभालीची जबाबदारी कोण घेणार याचं लेखी हमीपत्र. परवानगी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्तरावर मिळते. रस्त्यात, पदपथावर पुतळा बसवायला परवानगी देऊ नये असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१३ चा आदेश आहे, तो विसरू नका. रातोरात बसवलेला पुतळा पुढे प्रशासनाला हलवावा लागतो आणि त्यातून गावात जे वैर होतं ते दोन पिढ्या जात नाही.

माझी एक विनंती. चौथऱ्यावर नगरसेवकांची नावं जेवढ्या ठळक अक्षरांत कोराल, तेवढ्याच ठळक अक्षरांत ज्यांनी वर्गणी दिली त्यांची नावं कोरा, आणि दोन परिच्छेद त्या व्यक्तीच्या कामाबद्दल.

आपल्या चौकातल्या जुन्या पुतळ्याची गोष्ट कुठे शोधायची?

आधी कोनशिला वाचा: तारीख, कोणाच्या हस्ते, अध्यक्ष कोण. त्या तारखेच्या आसपास कुठली निवडणूक होती, कुठलं आंदोलन चालू होतं ते पाहा. मग नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेच्या कार्यवृत्तांत ठराव शोधा, मतदान झालं असेल तर कोणी विरोध केला तेही त्यात असतं. ती कागदपत्रं माहितीच्या अधिकारात मागता येतात. जिल्ह्याचं गॅझेटियर आणि जुन्या स्थानिक वृत्तपत्रांच्या फायली तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ग्रंथालयात बऱ्याचदा मिळतात. शेवटी हार घालायला दरवर्षी येणाऱ्या मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्यांकडे जा. पुतळ्याला पहिला हार कोणी घातला, कोणाला घालू दिला नाही, हे त्यांच्याकडून ऐकून वहीत उतरवून ठेवा, तारखेसह.